पगाराचा विषय निघाला की इंग्रजी आटतं. तुमचंही होतं का असं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

कामाचं इंग्रजी मला येतं. परदेशातल्या टीमबरोबर रोज कॉल असतात. सर्व्हर का बसला, डिलिव्हरी का लांबली, हे सगळं न अडखळता सांगते. पण अप्रेझलच्या कॉलवर पगाराचं बोलायची वेळ आली की घशाला कोरड. गेल्या वर्षीचा संवाद जसाच्या तसा देते:

मी : सर, प्लीज डू समथिंग अबाउट माय सॅलरी.
साहेब : समथिंग लाइक व्हॉट?
मी : एनीथिंग इज ओके, सर.

मग एनीथिंगच मिळालं. दोन टक्के.

माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं, "सर, पगाराचं जरा बघा ना काहीतरी." मराठीत ते खपून जातं. त्यात थोडी सलगी असते, थोडा हक्कही असतो. इंग्रजीत तेच उच्चारलं आणि आपण हात पसरलाय असं माझं मलाच वाटलं.

यंदा त्यात भर म्हणजे मी टीम लीड झालेय. हाताखाली दोघं आहेत. त्यातला एक तीन महिने झाले गप्पगप्प असतो. काम वेळेत देतो, पण जीव ओतत नाही. तो मराठी नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तेही इंग्रजीत, आणि त्याच्या पगारासाठी वर भांडायचं तेही इंग्रजीत. अप्रेझल पंधरवड्यावर आलंय. मला तोंडात बसतील अशी वाक्यं हवीत. व्याकरणाची पुस्तकं सुचवू नका, घरात तीन पडून आहेत.

उगाच_आगाऊ

"एनीथिंग"वर दोन टक्के म्हणजे साहेब दिलदार म्हणायचे. मी "ॲज यू विश" म्हणालो होतो. त्यांची विश शून्य निघाली.

पाचवा_मजला

मी एचआरमध्ये आहे, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसते. अर्धविरामताई, तुमचं इंग्रजी चुकलेलं नाही. तुमच्या बोलण्यात आकडा नव्हता, एवढंच. पगारवाढीची शिफारस माझ्याकडे येते तेव्हा ती एका ओळीची असते: कोण, किती, कशासाठी. ती ओळ तुमच्या तोंडून निघाली नाही तर साहेब स्वतः बसून ती रचत नाहीत. त्यांना सोपी ओळ हातात द्या:

"गिव्हन व्हॉट आय हॅव टेकन ऑन धिस इयर, आय वॉज होपिंग फॉर समथिंग क्लोजर टू ट्वेल्व्ह पर्सेंट."

आता यातला "वॉज" बघा. आशा तर आत्ता आहे, मग भूतकाळ कशाला? इंग्रजीत क्रियापद एक पाऊल मागे नेलं की बोलणं मऊ होतं. आपणही करतोच की. "एक विचारायचं होतं" म्हणतो तेव्हा विचारायचं आत्ताच असतं. तसंच हे. "आय वॉन्ट" हट्ट वाटतो, "आय डिमांड" म्हणजे थेट मोर्चा. आणि "आय एक्स्पेक्ट" हा छुपा खड्डा आहे. आपल्याला "अपेक्षा आहे" हे नम्र वाटतं, पण वरिष्ठाला सरळ "आय एक्स्पेक्ट ट्वेल्व्ह पर्सेंट" म्हटलं की त्याला हुकूम ऐकू येतो.

आकडा उच्चारलात की गप्प बसायचं. वाक्य पाठ होईल, हे मात्र जमत नाही लोकांना. समोरचा तीन सेकंद काही बोलला नाही की आपण घाबरून शेपूट जोडतो, "बट इट्स ओके इफ नॉट पॉसिबल, सर." मी ही शेपूट दर अप्रेझलला ऐकते आणि दरवेळी समोरच्या साहेबांचा चेहरा सैलावलेला बघते. तुमचं टोपणनावच अर्धविराम आहे, तिथेच गोम आहे बहुतेक. आकड्यानंतर पूर्णविराम द्या. पाण्याचा घोट घ्या हवं तर.

"टेन टू फिफ्टीन" अशी रेंजही देऊ नका. आमच्या कानावर फक्त टेन पडतं.

नाही म्हणालेच तर रुसायचं नाही आणि आभारही मानत सुटायचं नाही. "आय अंडरस्टँड द बजेट इज टाइट. व्हॉट वुड नीड टू हॅपन फॉर अस टू लुक ॲट धिस अगेन इन सिक्स मंथ्स?" यावर जे उत्तर येईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा, "जस्ट टू कन्फर्म व्हॉट वी डिस्कस्ड" असं म्हणून.

शाईचा_डाग

पाचवा_मजला यांच्याशी सहमत. पण मी शिकवायचं काम करतो, त्यामुळे खोड जात नाही. काही बारीक गोष्टी.

पहिली, बाय आणि टू. "माय सॅलरी वेंट अप बाय ट्वेल्व्ह" म्हणजे बारानं वाढला. "वेंट अप टू ट्वेल्व्ह" म्हणजे वाढून बारावर पोचला. मराठीत नं आणि वर यांत कधी गोंधळ होत नाही, इंग्रजीत मात्र सर्रास होतो, कारण ऐकताना दोन्ही शब्द पुसट असतात. आकड्यांच्या चर्चेत हे एक अक्षर सगळा अर्थ फिरवतं.

दुसरी, फिफ्टीन आणि फिफ्टी. फोनवर हमखास घोळ. फिफ्टीनचा शेवट ताणायचा, फिफ्टीचा जोर सुरुवातीला द्यायचा. शंका वाटली तर "वन-फाइव्ह" असं सुटं सांगायचं. यात लाज वाटून घेऊ नका, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही तसंच करतात.

तिसरी, राइज आणि रेझ. अमेरिकेत पगारवाढ म्हणजे "रेझ", ब्रिटनमध्ये "पे राइज". क्रियापदं मात्र दोन्हीकडे सारखीच: पगार आपोआप राइज होतो, कंपनी तो रेझ करते. आणि आपला लाडका "हाइक"! बातमीच्या मथळ्यात ठीक आहे, पण अमेरिकन साहेबाला "आय नीड अ हाइक" म्हणालात तर तो तुम्हाला डोंगराची वाट दाखवेल.

चौथी, रेम्युनरेशन. दहातले निम्मे लोक "रेन्युमरेशन" म्हणतात, कारण पैसे म्हटले की डोक्यात नंबर येतो. शब्दात आधी म, मग न. तरीही जीभ घसरत असेल तर सरळ "पे" म्हणा. कुणी कमी लेखत नाही. बोलण्यात "पे" जितकं शोभतं तितकं रेम्युनरेशन शोभतही नाही.

आणि सगळ्यात मोठी, जी मी स्वतःच्या कानांनी ऐकलीय. एक चांगला मॅनेजर परदेशी साहेबांना कळवळून सांगत होता, "सर, द मॉरल ऑफ माय टीम इज व्हेरी लो." त्याला म्हणायचं होतं मरॉल, दुसऱ्या अक्षरावर जोर, म्हणजे उमेद, मनोबल. त्यानं सांगितलं ते मॉरल, म्हणजे नीतिमत्ता. साहेब दोन क्षण थांबले आणि काळजीनं विचारलं, "व्हॉट डिड दे डू?"

उगाच_आगाऊ

दंडवत! पगार बघितला तर नीतिमत्ता ढासळायला कितीसा वेळ लागतो म्हणा.

सडेतोड_सदा

एवढं गोड बोलून काही होत नाही हो. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर टेबलावर ठेवायचं. त्याला ना बाय लागतं ना टू.

पाचवा_मजला

सदाभाऊ, ते चालतं, मी नाही म्हणत नाही. पण एकदाच. आणि पत्र खरं असेल तरच. "देन टेक इट, काँग्रॅच्युलेशन्स" हे उत्तर मी साहेबांच्या तोंडून ऐकलंय, आणि समोरच्याकडे पत्र नव्हतं. खरं पत्र असेल तर असं म्हणा: "आय हॅव हॅड अनदर ऑफर. आय वुड रादर स्टे, सो आय वाँटेड टू टॉक टू यू फर्स्ट." यात धमकी नाही, पण ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. "रादर" गाळलात तर उरते ती धमकीच.

दूरची_खिडकी

मी बरीच वर्षं बाहेर आहे. दोन गोष्टी घालते.

"सीटीसी" (कॉस्ट टू कंपनी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च) हा शब्द आपल्याबाहेर फारसा कुणाला कळत नाही. मी पहिल्या मुलाखतीत तोच सांगितला आणि समोरची बाई नुसती बघत राहिली. तिकडे "बेस" म्हणजे मूळ पगार वेगळा सांगतात, "बोनस" वेगळा, "बेनिफिट्स" वेगळे. तिन्ही मिळून "टोटल कॉम्पेन्सेशन" किंवा "द पॅकेज". कॉम्पेन्सेशन म्हटलं की मला अजून नुकसानभरपाई आठवते. सोमवारी सकाळी तोच अर्थ जास्त पटतो, तो भाग वेगळा.

दुसरं, नव्या नोकरीच्या मुलाखतीत "सध्या किती मिळतं?" असं विचारलं की आपण इमानेइतबारे सांगून टाकतो आणि तिथेच अडकतो. हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी आता विचारताच येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं २०१६मध्ये तसा कायदा केला. युरोपीय संघाच्या २०२३च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही हीच मनाई आहे आणि सदस्य देशांनी तो ७ जून २०२६पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा असं त्यात ठरलंय. जिथे बंदी नाही तिथेही चेंडू परत टोलवता येतो: "आय वुड रादर फोकस ऑन व्हॉट धिस रोल इज वर्थ. व्हॉट रेंज डू यू हॅव इन माइंड?" स्वर हसरा ठेवायचा. हेच वाक्य कपाळाला आठ्या घालून म्हटलं तर उद्धट वाटतं.

नवशिका_७

बेनिफिट्सबद्दल कुणी सांगेल का? मला ऑफर आलीय, त्यात व्हेस्टिंग, क्लिफ, प्रो राटा असं बरंच आहे. विचारायला लाज वाटते.

दूरची_खिडकी

लाज कसली. वाक्य साधं आहे: "कुड यू वॉक मी थ्रू द बेनिफिट्स?" एक्स्प्लेनपेक्षा हे बरं, कारण यात तुम्हाला कळलं नाही असा सूर येत नाही.

व्हेस्टिंग म्हणजे कंपनी शेअर देऊ करते, पण ते हळूहळू तुमच्या मालकीचे होतात. बऱ्याच ठिकाणी चार वर्षं आणि एक वर्षाचा क्लिफ असतो. क्लिफ म्हणजे कडा. वर्षाच्या आत सोडलंत तर हाती काही नाही, वर्ष भरलं की पाव हिस्सा एकदम. अकराव्या महिन्यात राजीनामा दिलेला माणूस मी पाहिलाय, त्याच्याबद्दल अजून हळहळ वाटते. प्रो राटा म्हणजे जितके दिवस तितक्या प्रमाणात. वर्षाच्या मध्यात रुजू झालात तर सुट्ट्या निम्म्या. "टाइम ऑफ इन ल्यू" म्हणजे जादा कामाचे पैसे न देता बदली रजा. ल्यू ऐवजी कुणी "लू" म्हणालं तरी दचकू नका, दोन्ही चालतं.

आणि बेस अडला की इकडे सरका: "इफ द बेस इज फिक्स्ड, इज देअर एनी फ्लेक्झिबिलिटी ऑन द रेस्ट ऑफ द पॅकेज?" मी असंच करून आठवड्याचे दोन दिवस घरून काम मिळवलं होतं. पगार जिथल्या तिथे राहिला, पण रोजची दगदग निम्म्यानं कमी झाली.

जुना_कागद

वाटेत एक अवांतर. या बेनिफिट्सचा इतिहास मजेदार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं १९४२मध्ये कायदा करून पगारवाढीवर लगाम घातला, महागाई आवरायला. कामगार तर हवे होते, पगार वाढवता येत नव्हता. मग कंपन्यांनी आरोग्य विमा, पेन्शन असलं पुढे केलं, कारण ते पगारात धरलं जात नव्हतं. मुख्य कापडाला लावलेली झालर, म्हणून "फ्रिंज बेनिफिट्स". म्हणजे "बेस अडला की पॅकेजकडे सरका" हा खिडकीताईंचा सल्ला तेव्हापासून चालत आलाय. चालू द्या.

मुकादम

धागा छान चाललाय, पण अर्धविराम यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलं नाही. तो गप्प झालेला मुलगा.

मी बारा-चौदा जणांची टीम सांभाळतो. आधी एक शब्द टाकून द्या: "आय वॉन्ट टू मोटिव्हेट यू." असं तोंडावर कधी म्हणू नये. मराठीत "मला तुला प्रेरित करायचंय" म्हणून बघा, आपल्यालाच हसू येईल. मोटिव्हेशनबद्दल साहेबांशी बोलायचं, माणसाशी त्याच्या कामाबद्दल बोलायचं.

आणि पगार वाढवला की उमेद परत येतेच असं नाही. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९मध्ये पिट्सबर्ग भागातल्या दोनशे तीन इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखतींवरून मांडलं की माणसाला नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि खूश करणाऱ्या वेगळ्या. पगार, धोरणं, वरिष्ठांचा जाच हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण हे सुधारलं म्हणून तो रमत नाही, फक्त वैताग थांबतो. रमतो तो काम जमल्यानं, दखल घेतली गेल्यानं, जबाबदारी मिळाल्यानं. यावर आक्षेपही आले. चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट घडलं की बोट कंपनीकडे दाखवतो, त्यामुळे उत्तरं तशीच येणार. मला आक्षेपही पटतो आणि मूळ मुद्दाही.

एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७१चा प्रयोग मला जास्त आवडतो. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या फेरीत कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या फेरीत बंद केले. पैसे थांबल्यावर त्या गटाची फावल्या वेळात कोड्यांशी खेळायची हौस कमी झाली. ज्यांना पैशांऐवजी नुसती शाबासकी दिली त्यांची हौस मात्र तशी कमी झाली नाही.

पण म्हणून "पैसे महत्त्वाचे नाहीत" असा निष्कर्ष काढून कुणी माझ्या टीमसमोर आलं तर मी त्याला दार दाखवीन. हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात १९१३मध्ये माणसं इतकी सोडून जात होती की जागा टिकवायला वर्षभरात चौपटीच्या आसपास भरती करावी लागली. जानेवारी १९१४मध्ये त्यानं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आठ तासांच्या कामाला, आणि गळती झपाट्यानं कमी झाली. त्याला अटी होत्या, कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन राहणीमान तपासत. तरी लोक राहिले ते पैशासाठीच. थोडक्यात, पगार कमी असेल तर आधी पगाराचं बोला. गोड शब्दांनी ते भोक बुजत नाही.

आता वाक्यं. त्याला एकटं गाठा. "आय हॅव नोटिस्ड यू हॅव बीन क्वायटर लेटली. हाउ आर थिंग्ज?" "व्हाय आर यू सो डल?" हे चुकूनही नको. आपल्याकडे डल म्हणजे मरगळलेला, त्यांच्याकडे माणसाला डल म्हटलं की तो कंटाळवाणा किंवा मंद. मग विचारा, "व्हॉट पार्ट ऑफ द वर्क डू यू मिस?" आणि ऐका. मध्ये सल्ला देऊ नका.

कौतुकाचंही तसंच. आपल्याकडे "बरं झालंय" ही वरच्या दर्जाची दाद असते, ते शब्दशः "इट्स ओके" झालं की समोरचा खचतो. आणि "गुड जॉब, कीप इट अप" हे इतकं घासलंय की शिक्क्यासारखं वाटतं. काय आवडलं ते सांगा: "द वे यू हँडल्ड दॅट क्लायंट ऑन थर्सडे सेव्ह्ड अस अ वीक." गुरुवार, क्लायंट, आठवडा. तीन खऱ्या गोष्टी आल्या की कौतुक खोटं वाटत नाही.

शाईचा_डाग

मुकादमसाहेब, "डल"साठी वेगळा सलाम. ती चूक मी स्वतः एका वर्गात केली होती.

जाता जाता: फीडबॅक मोजता येत नाही, तेव्हा "गिव्ह मी अ फीडबॅक" नको, "सम फीडबॅक". आणि "डिस्कस अबाउट माय सॅलरी" नको, नुसतं "डिस्कस माय सॅलरी". आपल्या "बद्दल"चा तो अबाउट.

सडेतोड_सदा

वाचतोय. पटतंय असं नाही, पण वाचतोय.

अर्धविराम

मंडळी, उशीर झाला, पण वृत्तांत देते.

आधी त्या मुलाशी बोलले. मुकादमांचं वाक्य जसंच्या तसं, "हाउ आर थिंग्ज" पर्यंत. तो आधी "ऑल गुड" म्हणाला. मी गप्प बसले. मग बोलला. पगाराचं नव्हतंच. चार महिन्यांपूर्वी त्यानं उभं केलेलं मॉड्यूल मी दुसऱ्या टीमला देऊन टाकलं होतं आणि त्याला साधं विचारलंही नव्हतं. मला आठवतही नव्हतं ते! मी माफी मागितली, "आय शुड हॅव आस्क्ड यू फर्स्ट." हे वाक्य कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं.

मग माझा कॉल. वाक्य कागदावर देवनागरीत लिहून समोर ठेवलं होतं. त्या मुलाचं आधी मांडलं. मग माझं. "आय वॉज होपिंग फॉर समथिंग क्लोजर टू ट्वेल्व्ह पर्सेंट." आणि थांबले. साहेब काही बोलेनात. मी पाण्याचा ग्लास उचलला, तर रिकामा होता. रिकाम्या ग्लासातून घोट घेतला. कॅमेरा चालू होता.

शेवटी ते म्हणाले, "आय कॅन डू नाइन नाऊ, अँड वी विल रिव्हिजिट इन सिक्स मंथ्स." त्याच दिवशी मेल टाकली, "जस्ट टू कन्फर्म व्हॉट वी डिस्कस्ड." अबाउट घातला नाही. उत्तर आलं, "कन्फर्म्ड." त्या मुलाचं मात्र अजून अडकलंय. मरॉल म्हणायच्या आधी तीनदा मनात म्हणून बघितलं, तरी साहेबांनी एकदा "सॉरी?" विचारलंच. पुढच्या आठवड्यात परत बोलायचंय, तर "ही मे लीव्ह" हे धमकी न वाटता कसं सांगायचं?

पाचवा_मजला

नऊ! अभिनंदन. आणि ग्लास भरून ठेवत जा.

"आय वुड हेट टू लूज हिम" म्हणा. तो जाईल असं कुठेच म्हटलेलं नाही, पण साहेब रात्री त्यावरच विचार करतील.